अंगावर पाजताना सोयीचे कपडे: काय शिवून घ्यावं, काय विकत घ्यावं?

मोरपिसी (डोंबिवली)

नमस्कार. माझी लेक ११ आठवड्यांची झाली. पूर्ण अंगावर पिते. इतके दिवस दोन गाउन आळीपाळीने घालून भागलं, पण आता बाहेर पडायची वेळ आलीये आणि कपाट उघडलं की त्यातलं एकही काही उपयोगाचं दिसत नाही. निम्म्या कुर्त्या डोक्यावरून घालायच्या, उरलेल्यांची चेन पाठीला.

हा प्रश्न केवढा मोठा आहे ते मला बारशाला कळलं. आईने हौसेने पैठणी घेतली होती. ब्लाऊज बोटनेकचा, प्रिन्सेस कट, आत कप, मागे सात हुकं आणि वर दोरी. माप सातव्या महिन्यात दिलेलं, त्यामुळे तो आधीच दाटत होता. पाळणा म्हणायला सुरुवात झाली आणि लेक रडायला लागली. ‘पाचच मिनिटं, नाव ठेवून होऊ दे’ असं सगळ्या म्हणाल्या. तिचं रडणं ऐकून मला पान्हा फुटला आणि ब्लाऊज दोन्ही बाजूंनी भिजला. शेवटी तशीच उठून आत गेले. खांद्याच्या पिना काढायला वहिनी, पाठीची हुकं काढायला आत्या, आणि मी मध्ये उभी. ती छातीला लागेपर्यंत वीस मिनिटं गेली. रडून इतकी दमली होती की दोन घोट घेऊन झोपून गेली. ते माझ्या डोळ्यांपुढून अजून जात नाही. माझ्या कपड्यांपायी तिला भुकेलं राहावं लागलं, हे मला परत होऊ द्यायचं नाही.

आता वैशाखात दिराचं लग्न आहे, साताऱ्याजवळच्या गावी. हळद, लग्न, सत्यनारायण असे तीन दिवस. जाताना कल्याणहून पुण्यापर्यंत रेल्वे आणि स्वारगेटहून पुढे एसटी. शिवाय २६ आठवड्यांची रजा संपली की ऑफिस आहेच. ‘फीडिंग’ असा शिक्का मारलेल्या कुर्त्या महाग वाटतात आणि वर्षा-दीड वर्षाने त्यांचं करायचं काय, असंही वाटतं. तुम्ही काय केलं, काय घेऊन पस्तावलात, सगळं सांगा.


अबोली (नाशिक)

अभिनंदन! घरातल्या गाउनपासून सांगते, कारण दिवसातले वीस तास आपण त्यातच असतो. दुकानातल्या बऱ्याच गाउनची पुढची चेन जेमतेम आठ इंच असते. तेवढ्यात काही होत नाही, अख्खा गळा एका बाजूला ओढावा लागतो आणि चार दिवसांत शिवण उसवते. चेन छातीच्या खालपर्यंत, १२ ते १४ इंच हवी. दोन उभ्या चेनवाले मिळतात ते जास्त बरे, कारण एक बाजू पाजताना दुसरी झाकलेली राहते. आणि चेनच्या आतून कापडाची पट्टी आहे की नाही ते हात घालून बघून घ्या. माझ्या मुलाच्या गालावर चेनच्या दातांची लाल रेघ उठायची. मी आठवडाभर तिला पुरळ समजत होते.

चार सुती गाउन लागतातच. दोनवर भागवू नका.


सुईदोरा (सांगली)

मोरपिसी, मी १८ वर्षं घरी शिवणकाम करते. बाळंतिणींचे ब्लाऊज इतके शिवलेत की बाई दारात आली की मी आधी विचारते, ‘बाळ अंगावर पितंय का?’ कारण त्यावर सगळं ठरतं.

पहिली गोष्ट, तो पैठणीवरचा ब्लाऊज टाकू नकोस. प्रिन्सेस कट आहे म्हणतेस ना, मग तो वाचतो. त्याला छातीवरून खाली जाणाऱ्या दोन उभ्या शिवणी असतात. त्या उसवायच्या आणि तिथे कन्सील चेन, म्हणजे बाहेरून न दिसणारी, बसवायची. मागची हुकं आहेत तशी राहू देत. सकाळी एकदा घालताना लावायची, दिवसभर त्यांना हात लावायचं काम नाही. आतले कप मात्र काढून टाक. कप ताठ असतो, चेन उघडली तरी तो मध्ये उभाच राहतो. आणि बाजूच्या शिवणीत टेलरने माया, म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड, सोडली असेल तर दोन्हीकडून उसवून घे. अर्धा-अर्धा इंच जरी मिळाला तरी श्वास घेता येईल.

नवीन साड्यांवर पुढच्या हुकांचा साधा चार टक्सचा ब्लाऊज शिव. पाजताना सगळी हुकं काढायची नसतात. खालची तीन काढायची, वरची दोन तशीच ठेवायची आणि ब्लाऊज खालून वर सरकवायचा. गळा, खांदा, सगळं जागच्या जागी राहतं. पण त्यासाठी खालची कड आवळ नको. कटोरी ब्लाऊजला खाली घट्ट पट्टी येते, ती वर सरकत नाही, म्हणून या वर्षात कटोरी टाळ. हुकं मोठी लावायला सांग. दोऱ्याचा बारीक फास अंधारात एका हाताने सापडत नाही.

माप कधी द्यायचं हे कुणी सांगत नाही. पाजून झाल्या झाल्या माप दिलं तर ब्लाऊज दुपारपर्यंत दाटतो. छाती भरलेली असताना द्यायचं. अस्तर सुतीच, आणि माया दोन्ही बाजूंना इंचभर.

कुर्त्यांचं म्हणशील तर ज्यांना त्या उभ्या शिवणी आहेत त्या सगळ्या कामाच्या. एका कुर्तीला ९ इंचांच्या दोन कन्सील चेन लागतात. उंचवट्याच्या दीड-दोन इंच वर सुरू करायच्या. रनर, म्हणजे चेनची सरकती कडी, वर असला पाहिजे, म्हणजे उघडताना खाली ओढायचा. कपडा खांद्याला लटकलेला असतो, त्यामुळे खाली ओढलं की एका हाताने सरसर उघडतं. उलटी लावली तर उघडताना कपडाच वर येतो. बंद करायला दोन हात लागतात, पण तोवर बाळ खांद्यावर ढेकर देत असतं, घाई नसते. आतून इंचभर रुंद मऊ पट्टी लावायला सांग.

साध्या कुर्तीला शिवणी नसतील तर गळ्याची पुढची पट्टी १२ इंचांपर्यंत खाली न्यायची आणि दाबून बसणारी टिच बटणं लावायची. एका झटक्यात उघडतात. बटण पक्कं बसलंय ना ते ओढून बघ, सैल झालेलं बटण बाळाच्या तोंडात जायला नको.

आणि एक सांगू? आमची आज्जी खणाची चोळी घालायची. गुळेदगुड्डचा खण, पुढे गाठ. शेतात बांधावर बसली की गाठ सोडायची, बाळ पदराखाली घ्यायची. हुक नाही, चेन नाही. छाती भरली तर गाठ सैल, उतरली तर घट्ट. आम्ही आता ९ इंचांची चेन बसवून जे करतोय ते तिच्या चोळीत आधीपासून होतं. फॅशन म्हणून उघडझाप पाठीवर गेली, तिथून बाळंतिणीचे हाल सुरू झाले.


मोरपिसी

सुईदोराताई, काय सांगू तुम्हाला! ब्लाऊज काढून बघितला. बाजूला पाऊण-पाऊण इंच माया आहे. उद्याच टेलरकडे देते.


निशिगंध (पुणे)

मी प्रसूतीनंतरच्या वॉर्डात परिचारिका आहे. वरच्या कपड्यांबद्दल छान माहिती आलीये, मी आतल्या कपड्यांबद्दल लिहिते, कारण त्रास बहुतेकदा तिथून सुरू होतो.

पहिल्या महिन्यांत बाळ २४ तासांत ८ ते १२ वेळा पितं. म्हणजे तुमची ब्रा दिवसातून तितक्या वेळा उघडते आणि मिटते. पुढच्या क्लिपची फीडिंग ब्रा घ्या आणि दुकानातच डोळे मिटून एका हाताने क्लिप उघडून बघा. उघडली नाही तर ती रात्री तीन वाजता अजिबात उघडणार नाही.

गरोदरपणात एकदम चार घेऊन ठेवू नका. चिकाचे दिवस सरून दूध भरतं ते साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी, आणि तेव्हा माप बदलतं. पुढे महिना-दीड महिन्यात दूध आणि मागणी यांचा मेळ बसला की परत थोडं उतरतं. दवाखान्यात नेण्यासाठी एक-दोन सैलसर न्या, बाकीच्या नंतर. तीन पुरतात. पावसाळा असेल तर चार, कारण वाळत नाहीत.

तारेची ब्रा सुरुवातीच्या महिन्यांत नको. घट्ट पट्टा, तार, छातीवरून तिरका जाणारा पर्सचा बंद, यांचा एकाच जागी सतत दाब पडला तर तिथलं दूध नीट उतरत नाही आणि गाठ होते. काढल्यावर त्वचेवर खोल वळ दिसत असेल तर ती ब्रा लहान आहे. गाठ दुखायला लागली, वरची त्वचा लाल झाली, थंडी वाजून ताप आला तर डॉक्टरांना लगेच दाखवा. त्या बाजूने पाजणं मात्र थांबवू नका. दुखतं म्हणून बायका नेमकं ते थांबवतात आणि दुखणं वाढतं.

दूध गळतं त्यासाठी पॅड विकतचे चालतील, घरचेही चालतील. जुन्या मऊ धोतराचे किंवा सुती साडीचे तळहाताएवढे गोल कापून चार-पाच थर एकत्र शिवायचे. भिजला की बदलायचा. ओला पॅड तसाच राहिला तर बोंडाला चिरा पडतात, बुरशीचा संसर्ग होऊ शकतो. प्लॅस्टिकचं अस्तर असलेले पॅड दिवसभर लावू नका.

सिझर झालेल्यांसाठी: परकराची नाडी आणि सलवारीचं इलॅस्टिक नेमकं टाक्यांवर येतं. पहिले दोन महिने एक तर गाउन घाला, नाहीतर नाडी बेंबीच्या वर बांधा.


कस्तुरी

मोरपिसी, लग्नघरात कपडा कितीही सोयीचा असला तरी फीडिंग कव्हर न्याच. गळ्यात अडकवायचं असतं, वरून तारेची कमान असते, आत बाळ दिसतं. मी दोन्ही मुलांना त्यातच पाजलं. चार माणसांत मला मोकळं वाटायचं नाही, आणि आई अवघडलेली असली की पान्हाही लवकर फुटत नाही.


चैत्रपालवी (चिपळूण)

कस्तुरी, तुमचं शेवटचं वाक्य अगदी खरं आहे, पण वैशाखात कव्हर? माझी मुलगी मे महिन्यातली. कव्हर घातलं की आत भट्टी व्हायची, तिचे केस घामाने चपटे व्हायचे आणि ती हात मारून कव्हर फेकून द्यायची. चार महिन्यांनंतर तर तिने कुठलंच पांघरूण डोक्यावर राहू दिलं नाही. जितकं झाकायला जावं तितकं लोकांचं लक्ष जायचं. मलमलची मोठी ओढणी खांद्यावरून सोडली आणि कुर्ती बाजूने उघडली की शेजारी बसलेल्यालाही कळत नाही. बाळाचं तोंड उघडं, वारा लागतो.


कस्तुरी

उन्हाळ्याचं मान्य. माझी दोन्ही मुलं हिवाळ्यातली होती, ते लक्षात घ्यायला हवं होतं मी. ओढणी तर ओढणी, पण जवळ काहीतरी असू दे एवढंच.


बाबा_झालो (औरंगाबाद रोड, नगर)

मी पुरुष आहे, पण घरचे कपडे मी धुतो म्हणून लिहितोय. दुधाचे डाग पडलेले कपडे आधी थंड पाण्यात भिजवा. गरम पाण्यात टाकले की दुधातली प्रथिनं कापडात घट्ट बसतात, डाग पिवळा पडतो आणि आंबूस वास जात नाही. मी पहिल्या महिन्यात बायकोच्या तीन कुर्त्या अशाच घालवल्या. आता थंड पाण्यात अर्धा तास, मग साबण, मग कडक उन्हात.

फिक्या एकरंगी कपड्यावर, खासकरून राखाडीवर, दुधाचा एक थेंब रुपयाएवढा दिसतो. बारीक फुलांचं, ठिपक्यांचं, बांधणीचं, इंडिगो, अजरख, यात काहीच दिसत नाही. हे बायकोचं निरीक्षण आहे आणि मला पटलेलं आहे.

बाहेर जाताना बाळाच्या पिशवीत बाळाचे चार झबली-टोपडी असतात आणि आईसाठी काहीच नसतं. एक जादा कुर्ती, दोन पॅड, एक ओढणी. ती पिशवी मी भरतो.


अबोली

बाबा_झालो, तुमच्या शेवटच्या ओळीसाठी मनापासून आभार.


दूरदेशी (लीड्स)

इथे थंडीत दुसराच प्रश्न. सगळा कपडा वर उचलला की पोट आणि पाठ उघडी पडते आणि बाहेर पाच अंश. त्यावर इथल्या सुईणीने मला सांगितलेला उपाय म्हणजे दोन थर. आत बंदांचा पातळ टॉप, तो खाली ओढायचा. वर स्वेटर, तो वर उचलायचा. मधल्या फटीत बाळ. पोट आतल्या टॉपने झाकलेलं, छातीचा वरचा भाग स्वेटरने. एकही खास कपडा विकत घ्यावा लागला नाही.

भारतात आले तेव्हा तेच कुर्तीखाली केलं. जुन्या लांब स्लिपला छातीच्या जागी दोन गोल कापून कडा दुमडून शिवल्या. मग कुठलीही आखूड कुर्ती वर उचलली तरी पोट दिसत नाही. सिझरच्या वणामुळे मला पोट दिसण्याची फार लाज वाटायची, त्या स्लिपने मला घराबाहेर काढलं.

इथे इक्वॅलिटी ॲक्ट २०१० प्रमाणे हॉटेलात, दुकानात, बसमध्ये पाजणाऱ्या आईला कुणी उठवू शकत नाही. पहिल्यांदा कॅफेत पाजलं तेव्हा मी सारखी इकडेतिकडे बघत होते. कुणी वळूनही पाहिलं नाही. कपड्यांची निम्मी काळजी तिथेच गळून पडली.


ताराआजी (वाई)

पोरींनो, मी ७४ वर्षांची आहे. नातीने हा धागा वाचून दाखवला, मी सांगते आणि ती लिहिते आहे.

साडीसारखं सोयीचं काही नाही, पण ती नेसायची कशी ते बदलायला हवं. आता तुम्ही पदराच्या बारीक निऱ्या घालून खांद्याला पिन लावता. पाजत्या बाईने पदर मोकळा सोडावा. डाव्या बाजूला पाजायचं तर बाळ पदराच्या आतूनच घ्यायचं, काही करावंच लागत नाही. उजवीकडे पाजताना पदराचं टोक पाठीमागून उजव्या खांद्यावरून पुढे घ्यायचं आणि बाळाच्या पाठीखाली खोचायचं. बाळ स्वतःच पदर धरून ठेवतं.

पिन मुळीच नको. माझ्या थोरल्याच्या वेळी ब्लाऊजचं हूक तुटलं म्हणून पिन लावली होती. पाजता पाजता ती उघडली. बाळाच्या कानाच्या मागे ओरखडा गेला, डोळ्याला लागली असती. पन्नास वर्षं झाली, अजून हात आपोआप छातीकडे जातो, पिन नाही ना बघायला.

लांब मंगळसूत्र बाळाच्या गालाखाली येतं आणि मण्यांचे वण उठतात. या दिवसांत आखूड वाटीचं घालावं. जरीची काठाची कड, टिकल्या, आरसे, काही तोंडाला लागेल असं नको. लग्नात जरीचा पदर असेल तर आत मऊ पंचा धरावा.

आणि एसटीने येणार ना, तर मोठ्या स्टँडवर हिरकणी कक्ष असतो. रायगडची हिरकणी गवळण, गडाचे दरवाजे मिटले तरी तान्ह्या लेकरासाठी कडा उतरली, तिच्या नावाची ही खोली. दिसली नाही तर नियंत्रकाच्या खिडकीवर विचारायचं, लाजायचं नाही.


मोरपिसी

आजी, तुम्हाला आणि तुमच्या नातीला नमस्कार. पदराचं उजवीकडचं सकाळी आरशासमोर तीनदा करून बघितलं, जमलं.

तयारी अशी झाली: पैठणीच्या ब्लाऊजला चेन लावून आली. कप काढले, माया सोडली. दोन प्रिन्सेस कट कुर्त्यांनाही चेन. टेलर आधी ‘होत नाही’ म्हणाले. मग सुईदोराताईंनी लिहिलेलं वाचून दाखवलं तेव्हा म्हणाले, ‘असं सांगा ना.’ हळदीसाठी पिवळी सुती साडी, त्यावर नवीन पुढच्या हुकांचा ब्लाऊज. दूरदेशीसारखी स्लिप कापली. विकत घेतलं ते फक्त दोन ब्रा आणि दोन गाउन. बाकी सगळं घरातलं.

एकच अडलंय. सासूबाईंना वाटतं लग्नात सगळ्यांसमोर पाजू नये, बाटली न्यावी. लेकीने कधी बाटली तोंडात धरलेली नाही. काय बोलू?


निशिगंध

आता अचानक बाटली सुरू करू नका. प्रवास, ऊन, अनोळखी माणसं, त्यात नवीन बाटली म्हणजे ती गोंधळेल. शिवाय पाण्याची, बाटली उकळण्याची सोय लग्नघरात कशी असेल सांगता येत नाही. सहा महिन्यांपर्यंत फक्त आईचं दूध, वैशाखातसुद्धा वरचं पाणी नाही. सासूबाईंना सांगू नका, करून दाखवा. घरात त्यांच्यासमोर ती चेनची कुर्ती घालून पाजा. बहुतेकदा ‘उघडं दिसेल’ हीच भीती असते.


चैत्रपालवी

आणि त्यांनाच एक काम द्या. ‘आई, मी पाजायला बसले की तुम्ही शेजारी बसाल का?’ माझ्या सासूबाई तशा बसायच्या. मग कुणाची हिंमत नव्हती त्या कोपऱ्यात यायची.


मोरपिसी

लग्नाहून काल रात्री परत आलो. सविस्तर लिहिते, कारण या धाग्याचं ऋण आहे.

स्वारगेटहून खिडकीची जागा मिळाली. मी खिडकीशी, नवरा कडेला. लेक शिरवळपर्यंत झोपली होती. खंबाटकी घाट सुरू झाला आणि वळणांनी ती उठली, लगेच भुकेचं रडणं. उजव्या हाताने तिला धरलं होतं, डाव्या हाताने चेन खाली ओढली. ओढणी खांद्यावर होतीच. रडायला लागल्यापासून छातीला लागेपर्यंत मिनिटही गेलं नसेल. समोरच्या सीटवरच्या मावशींनी मागे वळून विचारलं, ‘झोपलं का बाळ?’ त्यांना कळलंही नव्हतं. मला बारशाची वीस मिनिटं आठवली आणि घाट संपेपर्यंत मी गप्प रडत होते. नवऱ्याने फक्त पाण्याची बाटली पुढे केली.

हळदीला सुती साडी, पुढची हुकं, मोकळा पदर. दिवसभरात सहा वेळा पाजलं, तेही मांडवाच्या मागच्या खोलीत आणि दोनदा तर बायकांच्या घोळक्यात. आजींनी सांगितलेलं पदराचं टोक उपयोगी पडलं. हळद ब्लाऊजला लागते आणि तीच बाळाच्या तोंडाला जाते, हे मात्र कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मला हळद लावायला आल्या त्यांना मी हात पुढे केले आणि गळ्याला-छातीला लावू दिली नाही.

लग्नात पैठणी. चेनचा ब्लाऊज चालला, पण पूर्ण नाही. जरतारी पदराखाली तिला फार उकडलं, दुसऱ्यांदा ती धरेचना. मग अक्षता पडल्यावर मी सरळ जाऊन कॉटनची साडी नेसून आले. फोटोत मी दोन साड्यांत आहे. पुढच्या वेळी लग्नालाही हलकी साडीच नेसेन.

सासूबाई तिन्ही दिवस शेजारी बसल्या. पहिल्या दिवशी थोड्या अवघडून. तिसऱ्या दिवशी सत्यनारायणाला माझ्या चुलत जावेचं बाळ रडायला लागलं, तिचा ब्लाऊज मागच्या हुकांचा. सासूबाईंनी तिला आत नेलं, माझी चेनची कुर्ती पिशवीतून काढून दिली आणि दार लावून बाहेर राखण करत उभ्या राहिल्या. रात्री मला म्हणाल्या, ‘तुझा नवरा आणि दीर अंगावर होते तेव्हा मला पाहुण्यांसमोरून उठून माजघरात जावं लागायचं. पंगत उठेपर्यंत कुणी विचारायचं नाही, बाई जेवली का.’ यापुढे त्या काही बोलल्या नाहीत, मीही नाही.

जावेला तिच्या तीन कुर्त्यांना चेन लावून हव्यात. सुईदोराताई, तुमचं लिखाण तिला पाठवलं आहे.

आता ऑफिस. आठ तास तिच्यापासून लांब, म्हणजे पंपने दूध काढावं लागणार. त्यासाठी काय घालू?


सुईदोरा

वाचून डोळ्यांत पाणी आलं गं.

ऑफिसला पुढे पूर्ण बटणांची कुर्ती किंवा शर्ट. पंप करताना दोन्ही बाजू एकदम उघडाव्या लागतात, बाजूच्या चेनमध्ये पंपाचं तोंड नीट बसत नाही. गडद रंग, छापील. शर्ट असेल तर छातीपाशी दोन बटणांमध्ये फट पडते, तिथे आतून एक टिच बटण लाव. दुपारनंतर छाती भरली की फट तिथेच उघडते. ऑफिसच्या कपाटात एक जादा कुर्ती कायमची ठेव.


निशिगंध

कायद्याने बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत कामाच्या वेळात पाजण्यासाठी नेहमीच्या विश्रांतीशिवाय दोन सुट्ट्या मिळतात, आणि ५० किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी पाळणाघराची तरतूद आहे. रजा संपायच्या आधी एचआरला लेखी विचारून ठेवा. पंप करायला दार बंद होईल अशी खोली मागा. स्वच्छतागृहात दूध काढायचं नाही.


मोरपिसी

ईमेल आत्ताच लिहिला. शर्टचं कापड शनिवारी आणते, इंडिगो, बारीक ठिपक्यांचं. माप सकाळी, लेक उठायच्या आधी, छाती भरलेली असताना देईन.